बहिष्काराचे पंचाऐंशी टक्के

आधीच सांगून ठेवते, मला राग लवकर येतो. तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होते, त्यातली निम्मी पाटोद्याला. दुखतंय कुठं ते सोडून माणसं बाकी सगळं सांगतात, मग आवाज चढवल्याबिगर खरं बाहेर येत न्हाई. रिटायर झाले, इथं शहरात टेकडपुऱ्यात घर बांधलं, पण चढलेला आवाज काय खाली उतरला न्हाई. गल्लीत मला सगळे सिस्टरबाई म्हणतात. यशोधरा हे नाव आता रेशनकार्डावर आणि आमच्या सर्जेरावांच्या तोंडी तेवढं उरलंय, तेबी ते घाबरलेले असले म्हंजे.

टेकडपुरा चढावर हाय. तीच आमची सगळी अडचण. नळाला पाणी सुटलं की खालच्या गल्लीवाले अंगण धुतात, गाड्या धुतात, कुत्रं असलं तर तेबी धुतात, आणि आमच्यापर्यंत येईस्तोवर पाण्याचा दम संपतो. पंधरा दिवसांतून एकदा, अर्धा तास, करंगळीएवढी धार. इलाज लई सोपा हाय. चढाच्या तळाला खालच्या गल्लीकडं पाणी सोडणारा एक व्हॉल्व हाय, तो दोन तास बंद ठेवला की पाणी गुमान वर चढतं. एकदा चुकून बंद राहिला होता तवा मी डोळ्यानं बघितलंय. नवी पाइपलाइन नको, टाकी नको, एका माणसानं चावी फिरवायची. पण खालच्या गल्लीत तात्याचे व्याही राहतात आणि बापूचे साडूबी राहतात. मग चावी फिरवणार कोण?

तात्या आणि बापू म्हंजे आमच्या शहरातले दोन पुढारी. तात्याची निशाणी छत्री, बापूची कपबशी. आमची गल्ली या दोघांत मधोमध चिरलेली. विहाराच्या बाजूच्या घरांतबी दोन्ही, मारुतीच्या बाजूच्या घरांतबी दोन्ही. आमच्याच घरात बघा, सर्जेराव पक्के कपबशीवाले. एसटीत कंडक्टर होते तवापासून. बापूनं त्यांची एक बदली थांबवली होती, त्या उपकारावर हा माणूस वीस वर्षं मत देतोय. समोरचा गहिनीनाथ तितकाच पक्का छत्रीवाला. त्याच्यावर तात्यानं काय उपकार केला ते त्याला स्वतःलाबी सांगता येत न्हाई.

दोन वर्षं दर सोमवारी मी पाणीपुरवठ्याच्या हापिसात जात होते. तिथं मुळूक साहेब बसायचे. माणूस वाईट न्हाई, पण लोण्यासारखा, कुठं बोट ठेवावं तर घसरतंच. मी अर्धा तास बोलायचे, ते अर्धा तास मान हलवायचे. मी गेटातून आत शिरले की शिपाई म्हणे साहेबांना आधी डोकेदुखीची गोळी नेऊन द्यायचा. ही गोष्ट मला त्या शिपायानंच सांगितली, आणि खोटं कावून बोलू, मला जरा बरंच वाटलं.

तर या हिवाळ्यात नगरपालिकेचं इलेक्शन लागलं. छत्रीवाले आले, पाया पडले. कपबशीवाले आले, तेबी पाया पडले. पाण्याचं विचारलं तर दोघं म्हणले, निवडून आल्यावर बघू. तवा माझं डोकं सटकलं. मी मारुतीच्या पारावर सगळी गल्ली गोळा केली आणि म्हणलं, यंदा मतदानावर बहिष्कार. एकानंबी जायचं न्हाई. गल्लीचं मत पाचशे सहा, तेवढ्यावर नगराध्यक्ष पडतो आणि उठतो. आपण घरात बसलो की दोघांना घाम फुटंल.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्यांवर माझा विश्वास न्हाई, म्हणून शपथा घेतल्या. मारुतीपुढं बेलभंडारा उचलला. मग विहारात जाऊन आमी सगळ्यांनी पंचशील म्हणलं, खोटं बोलणार न्हाई हे चौथं शील मी मुद्दाम दोनदा म्हणवून घेतलं. आश्रुबामामा, वय वर्षं शहात्तर, त्यांनी भंडाराबी उचलला आणि विहारात येऊन हातबी जोडले. एवढा पक्का माणूस बघून मला भरून आलं.

बहिष्काराची बातमी पेपरात आली आणि समजूत घालायला सरकारनं नेमके मुळूक साहेब धाडले. इलेक्शनच्या ड्युटीत कुणालाबी कुठंबी धाडतात. साहेब पारावर बसले, चहा पिले, आणि सगळ्यांदेखत हसून म्हणले, "बाई, तुमच्या गल्लीत दोन पार्ट्या. हे लोक थांबतील, असं तुम्हाला खरंच वाटतं?"

मला ते हसणं झोंबलं. मी म्हणलं, "साहेब, या गल्लीतून एक जरी मत पडलं तर मी पुन्हा तुमच्या हापिसात तोंड उघडणार न्हाई. हा माझा शब्द."

साहेबांनी कप खाली ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदा त्या माणसानं माझं बोलणं नीट ऐकलं. म्हणले, ठरलं. आणि उठून गेले. सर्जेराव माझ्याकडं असं बघत होते की जशी मी घराची चावी विहिरीत टाकली. मी म्हणलं, घाबरता कावून, आपली माणसं हायत.

तरीबी मी काय दूधखुळी न्हाई. शाळेतल्या मतदान केंद्राच्या वाटेवर मी पहारा लावला. तिथंच माझं चुकलं, आणि चूक इतकी हुशारीनं केली की दोन दिवस मी स्वतःवरच खूश होते. एकाच पार्टीचे दोघं उभे केले तर ते संगनमत करतील, म्हणून मी जोड्या लावल्या. पहाऱ्यावर दर तासाला दोघं. एक छत्रीवाला, एक कपबशीवाला. दोघांनी एकमेकांवर नजर ठेवायची. वहीत नावं लिहून काढली. सकाळी साडेसातची पहिली जोडी, सर्जेराव आणि गहिनीनाथ. पहारा नसलेल्यांच्याबी जोड्या लावल्या, बायकांच्याबी, घरबसल्या एकमेकांवर नजर ठेवायला; कुणाला वगळलं न्हाई.

मतदानाच्या दिवशी मी ओट्यावर खुर्ची टाकून बसले. सकाळी माझ्याकडं बीपी बघायला माणसं येतात, तसा माझा डबा शेजारीच असतो. नऊ वाजता गहिनीनाथची बायको मंगल आली. म्हणली, बाई, एक चिकटपट्टी द्या, इळीनं बोट कापलं. मी म्हणलं, दाखव. तर हात पदराखाली धरून म्हणली, अवो दाखवायचं काय त्यात, जरासंच हाय, मीच लावते. मी दिली पट्टी. मग आश्रुबामामा आले, त्यांचं बोट कडीत सापडलं होतं. मग मागच्या गल्लीतल्या दोघी जावा आल्या, दोघींचं एकाच इळीवर कापलं होतं. मग एक जण आला, त्याला ब्लेड लागलं. दुसऱ्याला पत्रा लागला. तिसऱ्याला काय लागलं ते त्याला आठवंना, पण पट्टी पाहिजे होती.

अकरा वाजता शंभर पट्ट्यांचा डबा संपला. आणि मी, तेहतीस वर्षं नर्स, ओट्यावर बसून विचार करत होते की गल्लीतल्या बायकांना इळी धरायला नीट शिकवली पायजे. एक शिबिर घ्यावं, असंबी माझ्या मनात आलं. आता आठवलं की माझंच मला थोबाडावं वाटतं.

दुपारी सर्जेराव जेवायला आले. डाव्या हाताच्या पहिल्या बोटाला पट्टी. मी विचारलं, हे काय झालं? तर म्हणले, कांदा चिरताना कापलं. आता बघा, चाळीस वर्षांच्या संसारात या माणसानं कांदा चिरलेला मी बघितला न्हाई. कांदा सोललेलाबी बघितला न्हाई. भाजीत पडलेला कांदासुद्धा ते बाजूला काढून ठेवतात. मी उठले, त्यांचा हात धरला आणि पट्टी ओढून काढली. रक्त न्हाई, जखम न्हाई. नखावरून कातडीपर्यंत शाईची काळी रेघ.

"यशोधरा," ते म्हणले, "गहिनीनाथनंबी टाकलं."

मी ताट बाजूला सरकवलं आणि खरं काढून घ्यायला बसले. कसं झालं ते ऐका. पहिली जोडी साडेसातला शाळेपाशी उभी राहिली. थंडी होती, माणूस फिरकत नव्हता. गहिनीनाथच्या मनात आलं, आपण इथं उभे, पण बाकीचे कपबशीवाले मागच्या दारानं जात असले तर? सर्जेरावांच्या मनात तेच, छत्रीवाल्यांचं. शेवटी गहिनीनाथनंच तोड काढली. म्हणला, अण्णा, तुमी एक टाका, मी एक टाकतो. तुमचं कपबशीला, माझं छत्रीला. दोन्ही मतं एकमेकांना कापतात. म्हंजे टाकली काय आणि न टाकली काय, सारखंच. बहिष्कार जागच्या जागी राहतो.

सर्जेराव कंडक्टर माणूस, हिशोब त्यांना पटला. दोघं जोडीनं आत गेले, जोडीनं बाहेर आले. साडेआठला दुसरी जोडी आली, तिला हे समजावून सांगितलं. तिलाबी पटलं. मग काय, माझी वही होतीच. मी लावलेल्या जोडीप्रमाणं सगळी गल्ली शिस्तीत मत देऊन आली. ज्याचा जोडीदार यायला उशीर, तो फाटकापाशी थांबून राहिला, एकट्यानं आत गेला न्हाई. एवढं इमान. कड्याच्या कारखान्याकडं ऊस तोडायला गेलेल्या आमच्या गल्लीतल्या माणसांना आणायला छत्रीची एक जीप गेलती आणि कपबशीची एक. दोन्हींतून उतरलेली माणसं फाटकापाशी मोजली तर अठरा आणि अठरा भरली.

"आणि शपथ?" मी विचारलं.

"शपथ मोडली न्हाई ना," सर्जेराव म्हणले. "बेरीज शून्यच येती."

मी त्यांच्याशी चार दिवस बोलले न्हाई. त्यांच्याशी काय, कुणाशीच न्हाई. त्याच संध्याकाळी आकडा आला. टेकडपुरा केंद्रावर चारशे एकतीस मतं, पंचाऐंशी टक्के. मागच्या वेळी बावन्न टक्के होतं. सगळ्या शहरात आमचा नंबर पहिला. मतं न टाकलेल्यांत यादीवरचे मेलेले, लग्न होऊन गेलेल्या पोरी, कड्याहून न आलेले काही ऊसतोडवाले, आणि मी. पेपरात मथळा आला, बहिष्काराच्या गल्लीत विक्रमी मतदान. माझा फोटोबी छापला होता. लोकांना वाटलं मीच लोकांना बाहेर काढलं.

निकालाच्या दिवशी मशीन उघडलं. छत्री दोनशे चौदा, कपबशी दोनशे चौदा. दोन मतं कुणा अपक्षाला, एक नोटाला. गहिनीनाथ पळत पळत माझ्या ओट्यापाशी आला. म्हणला, बाई, बघा, शब्दाला जागलो आमी, गल्लीनं कुणालाच निवडून दिलं न्हाई. त्याचं तोंड इतकं खरं होतं की मला हसावं का चप्पल काढावी ते कळंना. मी दार लावून घेतलं.

राग होता तो होताच. पण त्याच्याखाली वेगळंच काहीतरी होतं आणि ते जास्त दुखत होतं. माझ्याकडं होतं काय हो? पुढारी न्हाई, पैसा न्हाई, वशिला न्हाई. तोंड होतं. दर सोमवारी जाऊन बोलायचं एवढंच हत्यार होतं, आणि ते मी या लोकांच्या भरवशावर गहाण टाकलं होतं. आता गल्लीच्या पाण्यासाठी बोलायचं कुणी? सर्जेराव दाराबाहेर बसून होते. एकदा हळूच म्हणले, साहेबांना कोण विचारतंय, जा की खुशाल, बोल. मी आतून म्हणलं, शब्द दिलाय. तुमच्यासारखी बेरीज मला येत न्हाई.

सोमवार उजाडला. दहा वाजता बाहेर गलका झाला म्हणून खिडकीतून बघितलं, तर गल्ली निघालेली. चाळीस-पन्नास माणसं, बायकाबी. मंगल पुढं. कुठं निघालात म्हणून विचारणार होते, पण आश्रुबामामांनीच खिडकीपाशी येऊन सांगितलं. म्हणले, सिस्टरबाई, शब्द तुमी दिला होता, आमी न्हाई. आमाला बोलायला कुणाची बंदी हाय? तुमी फक्त येऊन बसा.

मी जाणार नव्हते. पण घरात चैन पडंना. जुना अर्ज पिशवीत टाकला आणि मागोमाग गेले.

मुळूक साहेबांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मला बघून साहेबांनी हसून नमस्कार केला, म्हणले, अभिनंदन बाई, शहरात पहिल्या आलात. मग म्हणले, बोट दाखवा की. मी डावा हात टेबलावर ठेवला, आधी पालथा, मग उताणा. कोरा. साहेबांचं हसू जरा मागं गेलं. मी काही न बोलता त्यांच्यासमोरच्या खुर्चीत बसले.

मग आमची माणसं बोलायला लागली, आणि माझ्या जिवाला घोर लागला. गहिनीनाथ म्हणला, साहेब, आमाला सहा इंची पाइपलाइन पायजे. सर्जेराव म्हणले, पाइपलाइन कशाला बे, वर टाकी पायजे. गहिनीनाथ म्हणला, टाकी बापूच्या मेव्हण्याला बांधायची असंल. एक जण म्हणला, पाइपाची एजन्सी तात्याच्या पुतण्याकडं हाय, म्हणून तू पाइप मागतोस. आश्रुबामामा मधेच मोटारीचं बोलायला लागले. जो तो टेबलावर हात आपटत होता. व्हॉल्वचं नाव एकानं काढलं न्हाई. दोन वर्षं मी घसा फोडून सांगितलेलं, गल्लीच्या एका माणसाच्या डोक्यात शिरलेलं नव्हतं. जीभ दाताखाली धरून बसले होते. डोळ्यातून पाणी आलं, ते रागाचं का कशाचं मला आजबी सांगता येत न्हाई.

दुपारचा एक वाजला. साहेबांचं जेवण राहिलं. शिपाई दोनदा गोळी देऊन गेला. कारकून उठून बाहेर उभे राहिले. खोलीत दोन पार्ट्यांच्या सभा एकाच वेळी चालल्या होत्या, आणि मी साहेबांच्या तोंडाकडं बघत गप्प. मधे मधे साहेब माझ्याकडं बघायचे. आधी गंमत म्हणून, मग काकुळतीला येऊन.

शेवटी त्यांनी हात जोडले. "बाई, तुमचा शब्द मी परत केला. तुम्ही मोकळ्या. पण आता तुम्हीच बोला."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. दोन वर्षं माझा आवाज ऐकून ज्याचं डोकं उठायचं, तो साहेब माझ्याकडं आवाज मागत होता. ओठापर्यंत आलं होतं. पण मी विचार केला, दोन वर्षं बोलून काय मिळालं, आणि तीन तास गप्प बसून काय मिळतंय. शब्द साहेबांना दिला असला तरी तो माझा होता. त्यांनी परत केला म्हणून मी कावून घ्यावा? मी मान हलवली. न्हाई. आणि पिशवीतून जुना अर्ज काढून त्यांच्यापुढं ठेवला.

साहेबांनी तो वाचला. दोन वर्षांत पहिल्यांदाच वाचला असणार, कारण वाचता वाचता त्यांची भुवई वर गेली. म्हणले, एवढंच? फक्त व्हॉल्व? आणि मागं दोन्ही पार्ट्या परत टाकी आणि पाइपवर येणार, एवढ्यात त्यांनी पेन उचललं. दर चौथ्या दिवशी सकाळी दोन तास खालचा व्हॉल्व बंद ठेवावा, असं लिहिलं, सही केली. मी अर्ज उचलला न्हाई. त्यांनी तारीख घातली. मी तरी उचलला न्हाई. मग त्यांनी शिक्का मागवला आणि मारला. तवा मी अर्ज घडी करून पिशवीत ठेवला आणि उठले.

हापिसाच्या पायऱ्या उतरेपर्यंत मी गप्प होते. शेवटची पायरी उतरले आणि मग तोंड उघडलं. काय काय बोलले ते सगळं सांगण्यासारखं न्हाई. गहिनीनाथच्या बेरजेपासून सुरुवात केली, सर्जेरावांच्या कांद्यावर आले, आश्रुबामामांचं वयबी बघितलं न्हाई. रस्त्यानं माणसं थांबून बघत होती. चढापर्यंत कुणी मान वर केली न्हाई. मंगल म्हणली, बाई, दम खावा जरा. मी म्हणलं, शंभर पट्ट्या नेल्या माझ्या, दम तू खा.

त्या दिवसापासून रोज सकाळी ओट्यावर बसले की जो दिसंल त्याला मी परत पहिल्यापासून सुनवायचे. पोट भरत नव्हतं. पाचव्या दिवशी गहिनीनाथ सापडला. त्याला उभा करून मी सांगत होते की बेलभंडारा उचलून जो माणूस गणित करतो त्याला, आणि तेवढ्यात मागच्या घरात कुणीतरी ओरडलं. गहिनीनाथनं कान टवकारले. त्याच्या घरातून मंगल पळत बाहेर आली, परत आत गेली, हंडा घेऊन आली. गल्लीतल्या सगळ्या दारांतून बादल्या वाजायला लागल्या. छत्रीवाले, कपबशीवाले, सगळे पळाले, गहिनीनाथ तर माझ्या वाक्याच्या मधूनच पळाला. सर्जेराव आतून म्हणले, अगं, अंगठ्याएवढी धार हाय, ये बघ.

माझं बोलणं अर्धंच राहिलं. मी पदर खोचला आणि घागर आणायला आत गेले.